मार्गशीर्षातला आंबा

मार्गशीर्षातल्या धुक्यात घरभर आंब्याचा वास दरवळत होता. सुनेने बाजारातून परदेशी आंबा आणला होता. डोळे मिटले, की खिडकीबाहेर वैशाखच.

आमच्याकडे अक्षय्यतृतीयेला पितरांना दाखवल्याशिवाय कुणी आंबा तोंडाला लावत नाही. फाल्गुनात हापूसची पहिली पेटी आली, तेव्हा ह्यांनी अंथरुणातूनच विचारलं होतं, "एक फोड देतेस?"

"थोडं थांबा की," मी म्हणाले होते.

तृतीयेला तो नैवेद्य ह्यांच्याच फोटोपुढे ठेवावा लागला.

आज नातीने त्याच फोटोपुढे रिकामी ताटली मांडली. "आजी, आधी आजोबांना ना?"

मी फोड कापली. रस कोपरापर्यंत ओघळला. ती फोड मी तिच्याच तोंडात घातली.

"तू खा गं. आजोबा थांबतील."