काटेरी अक्षरांचं निमंत्रण

आसावरी हार घेऊन स्टेजवरच्या फोटोकडे निघाली, तेव्हा फोटोतले चंद्रशेखरकाका पडद्यामागे फेटा बांधत होते.

हे तिला माहीत नव्हतं. हॉलमधल्या दोनशे दहा माणसांनाही नव्हतं. सगळी पांढऱ्या कपड्यांत आली होती, चेहरे पाडून. अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या मराठी मंडळात इतकी माणसं फक्त नाटकाला जमतात, तीही जेवण असेल तर. काकांच्या कीर्तनाला गेल्या वर्षी अकरा होती. त्यातला एक हॉलची किल्ली परत घ्यायला आला होता.

म्हणून तर मंडळाची अध्यक्ष या नात्याने आसावरीने महिन्यापूर्वी गोड आवाजात सांगितलं होतं, "काका, राग मानू नका हं. पण यंदा पन्नास लोक नाही आले, तर पुढच्या वर्षीपासून हा स्लॉट अंताक्षरीला देऊ या."

काकांनी नुसती मान डोलावली. त्यांची सगळी नोकरी मोटारींच्या पाठीवर कुठलं नाव कुठल्या अक्षरांत शोभेल, ते ठरवण्यात गेली होती. रिटायर झाल्यावर वर्षातलं हे एक कीर्तन उरलं होतं. मूलबाळ नव्हतं. पेटीवर बसणाऱ्या त्यांच्या पत्नी मालिनीकाकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. आता साथीला फोनमधला तंबोरा.

यंदाच्या कीर्तनाचा फ्लायर, म्हणजे जाहिरातीचं पत्रक, मंडळातल्या मिहीरने केला. मुलांना देवनागरी वाचता येत नाही, म्हणून इंग्रजीत. अक्षरं मात्र अशी, की इंग्रजी येणाऱ्यांनीही हात टेकावेत. जुन्या चर्चच्या खिडक्यांसारखी उंच, टोकांना काटे, पहिल्या अक्षराभोवती वेल. अमेरिकेत ही अक्षरं पदवीच्या कागदावर दिसतात, बिअरच्या बाटलीवर दिसतात, मोटारसायकलवाल्यांच्या दंडावरही दिसतात. पण मधोमध एका वयस्क माणसाचा हसरा फोटो असला, की आपल्या लोकांना पुढचं वाचायची गरज वाटत नाही.

खरं तर त्यात सगळं होतं. नाव, वार, वेळ, 'कीर्तन' हा शब्दसुद्धा. फक्त फोटो बोटांनी मोठा करून बघावा लागत होता, आणि एवढा वेळ कुणाकडे आहे? फ्लायर ग्रुपवर पडला आणि पहिल्याच मिनिटाला कुणीतरी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. तासाभरात एकशे ऐंशी जोडलेले हात. मिहीरने मध्येच लिहिलं, 'अहो, काका ठणठणीत आहेत.' त्यालाही चौघांनी हात जोडले. कीर्तनाच्याच दिवशी, कीर्तनाच्याच हॉलमध्ये आसावरीने शोकसभा ठेवली; किती समयोचित, असं तिला वाटलं. काकांच्या घरी फोन कुणीच केला नाही. उचलणार कोण?

तिने माइक हातात घेतला. हार दुसऱ्या हातात होता. "काकांचं कीर्तन म्हणजे आपल्या मंडळाचा आत्मा होता. आम्ही एकही चुकवलं नाही."

समोर दोनशे माना हलल्या. उरलेल्या दहाजणांनी एकमेकांकडे पाहिलं.

पडदा सरकला. "अगं, थांब थांब!" धोतराचा सोगा सावरत काका पुढे आले. कपाळाला बुक्का, हातात झांजा. "हार आत्ता नको. पूर्वरंग संपला की घाल. पद्धत तशी आहे."

मागच्या रांगेत कुणाच्या तरी हातून थर्मास पडला. आसावरीच्या नऊ वर्षांच्या सियाने खणखणीत आवाजात विचारलं, "मम्मा, ही इज नॉट डेड? देन व्हाय आर वी हिअर?"

प्रश्न सगळ्यांनाच पडला होता. पण उठायचं कसं? माणूस जिवंत निघाला म्हणून घरी निघून जाणं बरं दिसलं नसतं. सगळे बसून राहिले.

पहिल्या गजराला टाळ्या लाजेने पडल्या. दुसऱ्याला सियाने ठेका धरला, म्हणून तिच्या आजूबाजूच्यांनी धरला. पूर्वरंग संपला तेव्हा आसावरीने मान खाली घालून हार घातला. मग आख्यानात देव भक्ताच्या दारात येऊन ताटकळला, आत येऊ का म्हणून विचारत राहिला, आणि काकांनी ती ओळ इतक्या हळू आळवली, की पांढऱ्या ओढण्या खरोखरच डोळ्यांना लागल्या. कीर्तनाचं असंच असतं. माणूस कुठल्या का कारणाने आत येईना, गजर त्याला कारण विचारत नाही.

आरती झाली. सांत्वनासाठी आणलेल्या खिचडीचे सतरा ट्रे उघडले गेले. त्या ट्रेंपाशी आसावरीने मिहीरला गाठलं.

"यार मिहीर, कीर्तनाला असला फॉन्ट कुणी वापरतं का? अख्ख्या गावासमोर शोभा झाली माझी!"

"ताई, मी पाच चांगले दाखवले होते…" मिहीर काकांकडे बघू लागला.

काका गळ्यातल्या हारासकट खिचडी खात होते.

"त्याला नको बोलूस. सहावा मी दिला," ते म्हणाले. "मालिनी गेली तेव्हा फ्युनरल होमने तिच्या अंत्यविधीच्या कार्डावर हीच अक्षरं छापली होती. त्या दिवशी तुम्ही सगळेच्या सगळे आला होतात."