कपाटातली कोथिंबीर

समोरच्या इमारतीत राहणारे निरीक्षक डोंगरदिवे यांनी टिपरेबाईंचं लोखंडी कपाट उघडलं आणि त्यांचे डोळे दिपले. साड्यांच्या जागी दिव्यांच्या पट्ट्या होत्या, कडेने बिस्किटांच्या पुड्यांची चंदेरी बाजू चिकटवलेली होती, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा घुरघुरत होता आणि आइस्क्रीमच्या डब्यांत कोथिंबीर डोलत होती.

“वहिनी, घरात रोप उगवलं तर तीन वर्षं आत. कंपनीचे कोथिंबिरीच्या चवीचे हिरवे थेंब मिळतात ना दुकानात?”

“मिळतात की. भांड्यांच्या साबणालाही तोच वास येतो.” टिपरेबाईंनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली होती, साहेब लोकांचं त्यांना अप्रूप नव्हतं.

डोंगरदिव्यांनी पंचनाम्याचा कागद काढला. “बी कुठून आलं?”

“धणे भाजूनच विकायचे हा तुमचा कायदा. एका पुडीत सात दाणे कच्चे राहिले. लिहा.”

“एकूण रोपं?”

“माझी एवढीच. त्या सात दाण्यांपासून पिकलेले बाकी धणे संक्रांतीला वाण म्हणून लुटले. प्रत्येक डबीत कपाट कसं करायचं त्याची चिठ्ठी घातली.”

“बायकांची नावं सांगा.”

“सगळ्यांत आधी तुमच्या मिसेस आल्या होत्या. काल डब्यात आमटीवर हिरवं काय होतं?”

काल डोंगरदिव्यांनी डबा चाटूनपुसून खाल्ला होता, आणि संध्याकाळी साड्या पलंगावर का पडल्यात म्हणून बायकोवर ओरडलेही होते.

त्यांनी कागदाची घडी केली आणि कपाटाचं दार लोटलं.

“पूर्ण लावू नका,” टिपरेबाई म्हणाल्या. “हवा लागते. घरचंही जरा उघडंच ठेवा.”