मोजणीचा फोटो

“बघा आजोबा, आता कसे गोड हसतायत सगळे!” रिसॉर्टचा मॅनेजर पियूष खुशीत म्हणाला.

भिवाजी भिंतीकडे बघतच राहिले. फोटो त्यांनीच नक्कल काढायला दिला होता. मुळशीच्या धरणात गेलेलं त्यांचं घर, दारावर चुन्यानं लिहिलेला, बुडणाऱ्या घरांच्या मोजणीचा आकडा, आणि समोर उभी घरातली पाच माणसं. मूळ फोटोत पाचही जण पाठमोरे होते. पियूषनं कंप्युटरकडून त्यांना वळवून घेतलं होतं, तोंडं बसवली होती, वर हसवलंही होतं. भिवाजींच्या आज्याला फुकटात बत्तीस दात मिळाले होते. बापाच्या गालाला खळी पडली होती.

“पाठमोऱ्या माणसांचा फोटो कोण लावतं हो? गेस्टना वाटेल, रुसलेत.”

“रुसलीच व्हती,” भिवाजी म्हणाले. “मोजणीचा सायेब म्हणला, हिकडं बघा. आजा म्हणला, देवळातनं निघताना आमी देवाला पाठ दावत न्हाई, मग घराला कशी दावू? समदी घराकडं तोंड करून हुभी ऱ्हायली. माजा बाप सा वर्सांचा, त्यो बी. ही हसणारी आमची न्हाईत. उतरव ते.”

“अहो, माहितीपत्रक छापायला जायचंय. मालक येऊन बसलेत. फोटोखाली उभं राहून तुम्ही फक्त हसायचं.”

रिसेप्शनवरून नात शुभांगी धावत आली. इथल्या नोकरीला तिला आठच महिने झाले होते आणि कायम करायचं पत्र मालकांच्या सहीसाठी थांबलं होतं. “आबा, जाऊ द्या ना,” ती हळूच म्हणाली. “माझ्यासाठी.”

भिवाजींनी तिच्याकडे पाहिलं. टोपी नीट केली आणि भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. पियूषचा जीव भांड्यात पडला.

फोटोग्राफरनं कॅमेरा डोळ्याला लावला. तेवढ्यात भिवाजींनी बंडीच्या खिशातून मूळ फोटो काढला. पिवळा पडलेला, कोपरे झिजलेला. तो त्यांनी हसऱ्या फोटोखालच्या फळीवर टेकवला, आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून त्याच्यासमोर ताठ उभे राहिले.

मालकांनी चहाचा कप खाली ठेवला.

“शुभांगी!” पियूष ओरडला. “तुझ्या आजोबांना वळव. आत्ताच्या आत्ता!”

शुभांगी पुढे गेली. तिनं आबांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हाताऱ्याचा खांदा दगडासारखा घट्ट होता. तिनं एकदा मालकांकडे बघितलं, एकदा त्या पाच पाठींकडे. मग पदर खोचला आणि आबांना खेटून उभी राहिली, भिंतीकडे तोंड करून.

“काढा सर,” ती मागे न बघता म्हणाली. “आमच्या घरचे फोटो असेच निघतात.”