दोन फूट चार इंच

माणिकप्पांच्या अंगणातलं चौथ्या कुंडीतलं झाड म्हणजे निसर्गानं स्वतःच्या हातानं बुटकं ठेवलेलं, मराठवाड्यातलं एकमेव सूचिपर्णी झाड होतं. सोमवारी सकाळी सात वाजता त्यांनी त्याला टेप लावला, तर ते दोन फूट चार इंच भरलं.

त्यांनी टेप झटकून पुन्हा लावला. टेपचं काही चुकलं नव्हतं.

बुटके सूचिपर्णी वृक्ष मंडळाच्या नियमाप्रमाणे दोन फुटांवरचं झाड बाद. मंडळाचे सभासद तीन: लातूरचे माणिकप्पा, नांदेडचे साहेबराव आणि हिमायतनगरचे भागवत गुरुजी. ज्याचं झाड सगळ्यात बुटकं, तो अध्यक्ष. सहा वर्षं माणिकप्पाच अध्यक्ष होते. 'अध्यक्ष' छापलेल्या लेटरहेडचा अर्धा गठ्ठा अजून कपाटात होता. आणि परवा, बुधवारी, साहेबराव भिंग घेऊन तपासणीला येणार होते.

भिंग कात्रीसाठी होतं. कात्री लागली की टोकं तपकिरी पडतात आणि भिंगाखाली चोरी उघडी पडते. बोटानं खुडलेलं मात्र भिंगाला कळत नाही. म्हणून सभासदाला लिहूनही द्यावं लागे: 'मी किंवा माझ्या कुटुंबातील कोणीही या झाडाची छाटणी वा खुडणी केलेली नाही.' हे कलम माणिकप्पांनीच घातलं होतं, भागवत गुरुजींना घरी बसवण्यासाठी. खोट्या कागदावर त्यांनी आयुष्यात सही केली नव्हती. तीस वर्षं डाळ मिल चालवूनही.

या झाडासाठी त्यांनी काय केलं नव्हतं? मेच्या उन्हात घरातल्या एकुलत्या कूलरचं तोंड अंगणाकडे होतं आणि शिवम्मा आत वर्तमानपत्रानं वारा घेत होती. टँकर आला की पहिली बादली चौथ्या कुंडीला. मागच्या जूनमध्ये तर त्यांनी भोवती कुलपाची जाळी ठोकली होती.

जाळी पोरींसाठी होती. समोरच कोचिंग क्लासच्या मुलींचं हॉस्टेल होतं. टेस्ट असो, सराव परीक्षा असो, जाता-येता एकेक पोर शेंड्याचं पान चिमटीत खुडायची आणि पुस्तकात ठेवायची. त्या त्याला 'विद्या' म्हणायच्या.

"विद्या न्हाई ते, जपानी हाय!" माणिकप्पा ओरडत.

जळकोटची पुनम एकदा म्हणाली होती, "अप्पा, आमच्या शाळेच्या दारात बी हेच झाड हाय. पत्र्याच्या वर गेलंय." माणिकप्पांनी तिला दोन्ही झाडांतला फरक पाऊण तास समजावून सांगितला होता. तिचा फिजिक्सचा तास बुडाला होता.

आज बाहेर सकाळपासून ऑटोंची वर्दळ चालली होती. माणिकप्पांचं तिकडे लक्ष नव्हतं. शिवम्मा चहा घेऊन आली.

"अगं, पाणी जास्त झालं का याला?"

"पाणी तेवढंच हाय. पोरी बंद झाल्या."

"पोरींचा काय संबंध?"

"अवो, दोनशे पोरी रोज शेंडे खुडून राहिल्या होत्या. वाढायचं कवा त्यानं? तुमाला दोनशे जणींनी रोज चिमटे काढले असते, तर तुमी बी कुंडीतच राहिले असता."

माणिकप्पांनी चहा खाली ठेवला. पत्र्याच्या वर गेलेलं जळकोटचं झाड त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. ते हुबेहूब हेच होतं.

पण अध्यक्ष उगाच अध्यक्ष होत नसतो. पोरी काही कुटुंबात मोडत नव्हत्या. कलम शाबूत होतं. चार इंचांना पंचवीस पोरी पुरल्या असत्या, आणि दोन दिवस हातात होते.

त्यांनी जाळीचं कुलूप काढलं. 'हात लावाल तर पोलिसात देईन' ही पाटी उतरवून खाटेखाली सरकवली. कुंडी फाटकाशी ओढत आणली आणि शेजारी खुर्ची टाकून बसले. समोरून पुनमच येत होती.

"ये पुनम, ये! विद्या घेऊन जा," माणिकप्पांनी हाक मारली. सहा वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून असा पहिल्यांदाच निघत होता. "लागंल तेवढी घे. शेंड्याकडची घे, तिकडं जास्त असती. मैत्रिणींना बी बोलाव, लाजू नका."

पुनमनं उघड्या जाळीकडे पाहिलं, मग माणिकप्पांकडे.

"आता कशाला, अप्पा?" म्हणत तिनं गादीची वळकटी ऑटोत टाकली, ट्रंक चढवली आणि ऑटोवाल्याला एसटी स्टँड सांगितलं.

परीक्षा काल झाली होती.