न खोकता

निघताना बायकोने बजावलं होतं, "यंत्राला मुद्दाम वाकडं शिकवा. ते शिकलं की तुम्ही घरी!" पण पोराकडून अक्षरं गिरवून घ्यावीत, तसा यंत्राचा पोलादी हात धरून मोटारीचा दरवाजा रंगवताना रंगाऱ्याच्या मनगटाला वाकडं वळताच येईना. मध्ये खोकला तेवढा आला. मग यंत्राने एकट्याने रंगवलेल्या प्रत्येक दरवाजावर त्याच जागी ओघळ उमटला. इंजिनिअर हसला. "काका, हे तुमचा खोकलाही शिकलं की! आता न खोकता करा." रंगारी पुन्हा खोकला असता, तर त्याची नोकरी तगली असती. पण त्याने रंगाने चाळणी झालेली छाती आवळली, श्वास रोखला, दरवाजा आरशासारखा काढला. यंत्रानेही तस्साच काढला. टाळ्या वाजल्या. तेवढ्यात दाबलेला खोकला उसळला; तो भिंत धरून वाकला. इंजिनिअरने लगबगीने दार उघडलं. "काका, बाहेर जाऊन खोका. रंग ओला आहे."