पाठवणीचं पाणी

"घरच्या बाईला बाहेर बोलवा," सटवाजी म्हणाले, आणि मोटारीकडे पाठ करून ओसरीवर टेकले.

दाराआड उभी असलेली विमल दचकली. मोटार बघायला आलेल्या माणसाचं आपल्याशी काय काम? याआधी दोन गिऱ्हाइकं आली होती. दोघांनी बॉनेट उघडलं, आत डोकावलं आणि चहा पिऊन वाटेला लागली. हा पोखर्णीचा म्हातारा मोटारीला हातही लावायला तयार नव्हता. त्याचा पुतण्या उद्धव मात्र आल्यापासून भोंग्याला चिकटला होता. सहा महिने तो प्रवासी नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीवर क्लीनर होता, म्हणजे त्या घरातला तोच काय तो जाणकार.

"काका, आवाज तर बघा! आपण गावात शिरलो तर समदं गाव माळवदावर चढंल."

"हौस तुझी हाय, रुपये माझे हायत," सटवाजींनी त्याला गप्प केलं आणि ते व्यंकटराव वकिलांकडे वळले. "वकीलसाब, आमाला यंत्रातलं काई कळत न्हाई. पर आजवर बारा बैल घेतले, एकानं बी दगा दिला न्हाई. आमी दात बघत न्हाई, शेपूट बघत न्हाई. जनावर दारातून निघताना घरची बाई रडली, तर घ्यायचं. न्हाई रडली, तर रामराम."

व्यंकटराव लगबगीनं आत आले. "अगं, रड."

"मी? आणि ती जाणार म्हणून?"

विमलला हसू आवरेना. हे धूड गेलं तर शेरभर गूळ वाटीन, असं तिनं मारुतीला बोलून ठेवलं होतं. वकिलांची मोटार घरात आली तशी गोठ्यात शिरली होती, आणि कपिला गाय बाहेर लिंबाखाली गेली होती. गाईचे दिवस भरले होते, आज-उद्या व्यायची. वर आषाढाचं आभाळ. "मोटार विकली की गोठा मोकळा, त्याआधी नाही," हा वकिलांचा निकाल, आणि त्यावर अपील नव्हतं. शिवाय रोज सकाळी मोटार कचेरीच्या वळणापर्यंत ढकलायला विमल आणि कामाची बायनाबाई. डोक्यावरचा पदर दातात धरून वकिलीणबाई मोटार ढकलतायत, हे बघायला निम्मी परभणी दारात उभी राहायची.

ती बाहेर आली. रडायचा तिनं मनापासून प्रयत्न केला. गेलेल्या आत्याला आठवलं, तर आत्याच्या नकला आठवल्या. ओठ दाबून ती आत पळाली आणि कांदा चिरून परत आली.

सटवाजींनी एकदा तिच्याकडे पाहिलं. "माय, आमी बी कांदे पिकवतो," ते शांतपणे म्हणाले आणि उठले. "चल उद्धव. रामराम वकीलसाब."

कचेरीत भल्याभल्या साक्षीदारांना रडवणारे व्यंकटराव बायकोच्या डोळ्यातून एक थेंब काढू शकले नाहीत. ते तणतणत आत निघून गेले.

तेवढ्यात टपटप थेंब पडू लागले. लिंबाखालून कपिला हंबरली. पाठीवरचं पोतं घसरलेलं, पाय थरथरत होते, आणि ती गोठ्याकडेच बघत होती. विमल गोठ्याच्या दारात गेली. आत मोटार कोरडी ठणठणीत उभी. ती मोटारीच्या पायरीवर बसली, मडगार्डवर डोकं टेकून लहान पोरीसारखी हमसून हमसून रडू लागली.

"उद्धव! माघारी ये रे!"

तिनं दचकून वर पाहिलं. ओसरीवर विसरलेली तंबाखूची चंची घ्यायला सटवाजी परत आले होते. चंची तशीच ठेवून ते तिच्याकडे बघत होते, आणि म्हाताऱ्याचेही डोळे पाणावले होते.

"बघ. चारचौघांत रडली न्हाई. आता एकटी मोटारीच्या गळ्यात पडून रडायलीय. हे खरं पाणी."

विमल घाबरली. या भल्या माणसाला फसवायचं तिच्या जिवावर आलं. "काका, मी मोटारीसाठी नाही हो रडत. गाईसाठी रडतेय. ही मोटार लय वाईट आहे. रोज ढकलावी लागते."

आतून व्यंकटराव मोठ्यांदा खोकले.

"ऐकलं का उद्धव?" सटवाजी म्हणाले. "जाताना खोड्या काढायलीय. लय जीव असला की असंच होतं. आपला लालकंधारी बैल इकला तवा तुझी काकू बी म्हणली, बरं झालं गेला, लय खादाड होता मेला. आन् दोन दिवस जेवली न्हाई." त्यांनी कमरेची गाठ सोडली आणि धावत आलेल्या वकिलांच्या हातावर सगळे रुपये ठेवले.

उद्धवनं हँडल मारलं. सातव्या खेपेला मोटार खोकली, धूर ओकली आणि कशीबशी गोठ्याबाहेर आली. विमलनं रीतीप्रमाणे तिच्या कपाळाला, म्हणजे दिव्यांच्या मधोमध, हळदकुंकू लावलं. मोटार फाटकातून निघते न निघते तोच बायनाबाईनं कपिलाला गोठ्यात घातलं. गाय कोरड्या मातीवर अंग टाकून बसली, आणि ते बघून विमलला इतकं हसू फुटलं की तिनं दोन्ही हातांनी पदर तोंडात कोंबला. खांदे गदगदा हलायला लागले.

मोटारीतून मागं वळून बघणाऱ्या सटवाजींना ते बघवेना. पावसाच्या वर आवाज काढून ते ओरडले,

"रडू नगा माय! पोळ्याला आणतो की भेटीला!"