गंमत

मुलांच्या दवाखान्यात नुसता बाजार भरला होता. कोपऱ्यातला एक बाप पोराच्या हातात मोबाईल कोंबून खुशाल पेंगत होता. शेजारची बाई लेकाला दटावत होती, "रडलास ना, तर डॉक्टरकाका मोठ्ठी सुई टोचतील."

"भीती कशाला घालता वहिनी? पोरं धसका घेतात," मुलीला मांडीवर घेऊन बसलेला बाप म्हणाला.

बाईने त्याच्या मुलीकडे पाहिलं. पाच वर्षांची असेल, पण मघापासून हूं नाही की चूं नाही. "तुमची किती गुणी आहे हो. काय होतंय हिला?"

"महिना झाला, बोलतच नाही." तो ओशाळून हसला. "मी पडलो गमत्या. मेल्याचं सोंग घेतलं होतं. ही गदागदा हलवत होती, बाबा बाबा करत होती. म्हटलं, अजून थोडं ताणू."

बाईने आपल्या लेकाला जवळ ओढलं.

नंबर यायला अवकाश होता. त्याने भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले. लगेच नाकाखाली एक इवलंसं बोट येऊन थांबलं. त्याने मुद्दाम जोरात श्वास सोडला.

बोट हललं नाही.